चिपबंदीचा हिशेब: पर्याय उभा राहायला किती वर्षं लागतात?

प्रश्न थोडक्यात असा आहे: कायदा अमेरिकेचा, मशीन बनवणारी कंपनी नेदरलँड्सची, चिप बनवणारी तैवानची आणि गिऱ्हाईक चीनचं. मग वॉशिंग्टनमधल्या एका खात्याच्या आदेशावर हा सगळा व्यवहार थांबतो कसा? थांबवून चीन खरंच अडला का? आणि भोसरीत किंवा सातपूरला कंट्रोल पॅनेल बनवणाऱ्या माणसाने यात डोकं का घालावं?

इलेक्ट्रॉनिक पार्टची खरेदी आणि त्यामागचे परवाने, हमीपत्रं, कस्टम्सची कागदपत्रं हा माझा बऱ्याच वर्षांचा व्यवसाय आहे. त्यामुळे उत्तर अर्थतज्ज्ञाचं नसेल, परचेसच्या टेबलावरून जे दिसतं ते असेल.

माझं म्हणणं आधीच सांगतो. बंदी किती टिकेल हे कायद्याच्या कडकपणावर कमी आणि त्या वस्तूला दुसरा पर्याय उभा करायला किती काळ लागेल यावर जास्त ठरतं. काही वस्तूंना वर्ष पुरतं, काहींना तीस वर्षं लागतात. बंदी घालणारे हा हिशेब नेहमी करतातच असं नाही. विकत घेणाऱ्याला मात्र तो केल्याशिवाय गत्यंतर नाही.

आधी कायद्याचं पाहू. अमेरिकेचे निर्यात नियम वस्तूचा माग काढत सरहद्दीपलीकडे जातात. त्यातला सगळ्यात लांब हाताचा नियम म्हणजे ‘फॉरेन डायरेक्ट प्रॉडक्ट रूल’. वस्तू परदेशात बनलेली असली तरी ती बनवताना ठरावीक अमेरिकी तंत्रज्ञान, सॉफ्टवेअर किंवा यंत्रसामग्री वापरली असेल, तर काही गिऱ्हाइकांना ती देण्यासाठी अमेरिकेचा परवाना लागतो. आता चिप कशी बनते ते पाहा. तिचा आराखडा सिनॉप्सिस किंवा केडन्सच्या सॉफ्टवेअरवर तयार होतो. फॅबमध्ये, म्हणजे चिपच्या कारखान्यात, थर चढवणारी, कोरणारी, तपासणारी यंत्रं अप्लाइड मटेरियल्स, लॅम रिसर्च आणि केएलए यांची असतात. या सगळ्या कंपन्या अमेरिकी आहेत. त्यांच्यावाचून चालणारी आधुनिक फॅब चीनबाहेर शोधूनही सापडणार नाही. म्हणून तैवानच्या टीएसएमसीने सिंचूमध्ये बनवलेली चिपसुद्धा या नियमाच्या कक्षेत येते. कंपनीने आदेश मोडला तर तिच्यावर पोलीस पाठवायची गरज नसते. तिला पुढचं यंत्र, सुटे भाग आणि सर्व्हिस इंजिनिअर मिळत नाहीत, आणि फॅब काही महिन्यांत रखडते.

हा नियम ह्वावे या चिनी फोन आणि टेलिकॉम कंपनीवर कसा चालला ते तारखांसह सांगायला हवं, कारण त्या तारखांतच बरंच शिकण्यासारखं आहे. मे २०१९ मध्ये ह्वावेचं नाव ‘एंटिटी लिस्ट’मध्ये, म्हणजे ज्यांना माल द्यायला अमेरिकेचा परवाना लागतो त्यांच्या यादीत, टाकलं गेलं. त्या वेळी अमेरिकेतून जाणारा माल अडला, पण टीएसएमसीकडून चिप मिळत राहिल्या. ही फट लक्षात आल्यावर मे २०२० मध्ये नियम रुंदावला, ऑगस्टमध्ये आणखी रुंदावला आणि सप्टेंबर २०२० च्या मध्यापासून टीएसएमसीचा पुरवठा थांबला. ह्वावेने तोवर जमेल तितका साठा करून ठेवला होता. तरी दणका मोठाच होता. कंपनीची उलाढाल २०२० मध्ये ८९१ अब्ज युआन होती, ती २०२१ मध्ये ६३७ अब्जांवर आली. ऑनर हा स्वस्त फोनचा ब्रँड विकून टाकावा लागला.

आणि मग ऑगस्ट २०२३ मध्ये, अमेरिकेच्या वाणिज्यमंत्री जीना रायमोंडो चीनच्या दौऱ्यावर असतानाच, ह्वावेने मेट ६० प्रो हा फोन बाजारात आणला. आतली किरिन ९०००एस ही चिप शांघायच्या एसएमआयसीने ७ नॅनोमीटर प्रक्रियेवर बनवली होती (हा आकडा जितका लहान, तितकी प्रक्रिया पुढची). पुरवठा थांबल्यापासून तीन वर्षं. २०२४ मध्ये ह्वावेची उलाढाल पुन्हा ८६२ अब्ज युआनपर्यंत गेली.

हे पाहून दोन टोकाची मतं ऐकू येतात. कुणी म्हणतं बंदी फसली, कुणी म्हणतं बंदीने चीनला जेरीस आणलं. मला दोन्ही घाईची वाटतात. फोन पुन्हा आला हे खरं. पण त्याच काळात टीएसएमसी ३ नॅनोमीटरवर पोचली होती, आणि एसएमआयसीची ७ नॅनोमीटर चिप जुन्या पिढीच्या यंत्रांवर, एकच थर पुन्हा पुन्हा छापून काढलेली होती. असं केल्याने वेळ जास्त लागतो, खराब माल जास्त निघतो आणि खर्च वाढतो. देशाची प्रतिष्ठा पणाला लागली असेल तेव्हा तो खर्च सरकार सोसतं. पाच वर्षांची आघाडी हातात ठेवणं एवढंच अमेरिकेचं उद्दिष्ट असेल तर ते साधलं. चीनला कायमचं थांबवणं हे उद्दिष्ट असेल तर ते साधलेलं नाही.

मग चीन जुन्या यंत्रांवर का अडला? कारण एक यंत्र त्याला मिळालंच नाही. ते म्हणजे एएसएमएलचं ईयूव्ही लिथोग्राफी मशीन, अतिसूक्ष्म तरंगलांबीच्या प्रकाशाने चिपवर नक्षी छापणारं. नेदरलँड्समधल्या वेल्डहोव्हनची ही कंपनी सोडली तर जगात असं यंत्र कुणीच विकत नाही. यंत्राच्या आत वितळलेल्या कथलाचे बारीक थेंब सेकंदाला सुमारे ५०,००० या वेगाने सोडतात, प्रत्येक थेंबावर लेझरचा मारा होतो आणि त्यातून १३.५ नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश निघतो. हा प्रकाश काच शोषून घेते, हवासुद्धा शोषून घेते. म्हणून आत निर्वात पोकळी आणि भिंगांऐवजी आरसे. आरसे जर्मनीच्या झाइसचे, लेझर जर्मनीच्याच ट्रुम्फचा, प्रकाशस्रोत बनवणारी सायमर कंपनी अमेरिकेत सॅन दिएगोला. सायमर २०१३ मध्ये एएसएमएलने विकत घेतली. म्हणजे डच यंत्राचं हृदय कॅलिफोर्नियात बनतं. वॉशिंग्टनचं ऐकावं लागतं ते यामुळे. डच सरकारने चीनसाठीचा ईयूव्हीचा परवाना २०१९ पासून दिलेला नाही.

इथे थोडं मागे जातो, कारण ही मक्तेदारी आपोआप तयार झाली असं समजणं चूक आहे. १९८० च्या दशकात अमेरिकेचा राग चीनवर नव्हता, जपानवर होता. मेमरी चिपमध्ये जपानी कंपन्यांनी अमेरिकी कंपन्यांना बाजूला सारलं होतं. १९८६ मध्ये दोन्ही देशांत सेमीकंडक्टर करार झाला, आणि जपान तो पाळत नाही असं म्हणत १९८७ मध्ये रेगन सरकारने सुमारे ३० कोटी डॉलरच्या जपानी मालावर १०० टक्के शुल्क लावलं. त्या कोंडीत मेमरीच्या धंद्यात सगळ्यात मोठी मुसंडी कोरियाच्या सॅमसंगने मारली. पुढे १९९७ मध्ये इंटेलच्या पुढाकाराने अमेरिकी सरकारी प्रयोगशाळांबरोबर ईयूव्हीचं संशोधन सुरू झालं, तेव्हा लिथोग्राफीत जगात अव्वल असलेल्या निकॉनला दाराबाहेर ठेवलं गेलं आणि त्या मानाने लहान, निरुपद्रवी वाटणाऱ्या एएसएमएलला आत घेतलं गेलं. आज जगाची सगळ्यात अरुंद खिंड एका डच गावात आहे, त्यामागे अमेरिका-जपानचं ते जुनं भांडण आहे. बंदी घालणारा एक, ती ज्याच्याविरुद्ध घातली जाते तो दुसरा, आणि तिचा फायदा ज्याला होतो तो बहुतेक वेळा तिसराच कुणीतरी असतो. हे आपल्याकडच्या धोरणकर्त्यांनी विशेष लक्षात ठेवावं असं मला फार वाटतं, कारण आज आपणही तो तिसरा व्हायला निघालो आहोत.

ईयूव्हीला १९९७ पासून मोठ्या उत्पादनापर्यंत यायला वीसेक वर्षं लागली, तीही जगातले उत्तम पुरवठादार एकत्र असताना. चीनला ते एकट्याने करायचं आहे. म्हणून हा निर्बंध टिकतो. याउलट त्याच्या आधीच्या पिढीची डीयूव्ही यंत्रं चीनला दीर्घकाळ मिळत राहिली. डच सरकारने त्यांतल्या पुढारलेल्या यंत्रांवर परवाना लावला तो १ सप्टेंबर २०२३ पासून. बंदी येणार याची चाहूल लागलेल्या चिनी फॅबनी मधल्या काळात सपाटून खरेदी केली. २०२४ च्या पहिल्या तिमाहीत एएसएमएलच्या यंत्रविक्रीतला जवळजवळ अर्धा वाटा चीनचा होता. आधी गाजावाजा आणि मग बंदी, हा क्रम खरेदी खात्यातल्या माणसाला चांगला ओळखीचा आहे: भाव वाढणार असं कळलं की सगळे गोदाम भरतात.

पर्यायाचा काळ वस्तूवस्तूला किती वेगळा असतो याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण मला जपान-कोरियाचं वाटतं. ऑक्टोबर २०१८ मध्ये कोरियाच्या सर्वोच्च न्यायालयाने, युद्धकाळात सक्तीने राबवलेल्या कोरियन कामगारांना जपानी कंपनीने भरपाई द्यावी असा निकाल दिला. जुलै २०१९ मध्ये जपानने तीन वस्तूंच्या कोरियाला होणाऱ्या निर्यातीवर परवान्याची अट कडक केली: हायड्रोजन फ्लोराइड, फोटोरेझिस्ट (ज्यावर प्रकाशाने चिपची नक्षी उमटते तो लेप) आणि फ्लोरिनेटेड पॉलिइमाइड. इतिहासाचं न्यायालयीन भांडण आणि शिक्षा सॅमसंग, एसके हायनिक्सच्या फॅबना. हायड्रोजन फ्लोराइड म्हणजे चिप धुण्या-कोरण्यासाठी लागणारं अतिशुद्ध रसायन. शुद्धीकरण अवघड असलं तरी त्यातलं रसायनशास्त्र माहितीचं आहे. कोरियन कंपन्यांनी ते थोड्याच काळात देशात बनवायला घेतलं आणि जपानी निर्यातदारांनी जे गिऱ्हाईक गमावलं ते पूर्वीसारखं परत आलं नाही. ईयूव्हीच्या फोटोरेझिस्टमध्ये मात्र जपानी कंपन्यांची पकड ढिली झाली नाही. तिथे नुसतं सूत्र पुरत नाही, प्रत्येक फॅबच्या प्रत्येक पायरीशी जुळवलेला वर्षानुवर्षांचा अनुभव लागतो. जपाननेही तो धडा घेतला. फोटोरेझिस्ट बनवणारी जेएसआर ही आघाडीची कंपनी २०२४ मध्ये सरकारी पाठबळाच्या फंडाने विकत घेतली. मार्च २०२३ मध्ये जपानने कोरियावरच्या अटी उठवल्या, पण तोवर साडेतीन वर्षं गेली होती.

आपल्याकडच्या एका जुन्या गोष्टीकडे मी याच नजरेने पाहतो. १९८० च्या दशकात भारताने अमेरिकेकडे क्रे सुपरकॉम्प्युटर मागितला. बऱ्याच वाटाघाटींनंतर हवामान खात्याच्या कामासाठी मागितलेल्यापेक्षा कमी ताकदीचा मिळाला, तोही वापराच्या अटींसह. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही सरकारी संगणक संशोधन संस्था सुरू झाली आणि डॉ. विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० उभा राहिला. ‘नाकारलं म्हणून आम्ही बनवलं’ असं आपण अभिमानाने सांगतो आणि अभिमान रास्तच आहे. पण त्यातला बारकावा सुटू देऊ नये. परम ८००० मध्ये ब्रिटनच्या इनमॉस कंपनीचे ट्रान्सप्युटर होते. प्रोसेसर बाजारात मिळत होते, ते मोठ्या संख्येने जोडून एकत्र चालवण्याचं सॉफ्टवेअर आणि रचना आपल्या लोकांनी केली. नाकारलेली वस्तू ‘पूर्ण तयार यंत्र’ होती. तिचे घटक नाकारलेले नव्हते. म्हणून तीन वर्षांत पर्याय उभा राहिला. आजची बंदी घटकांवरच आहे, घटक बनवणाऱ्या यंत्रांवर आहे आणि त्या यंत्रांच्या सुट्या भागांवरही आहे. परमची गोष्ट सांगून आज कुणी ‘आपण तीन वर्षांत फॅब स्वयंपूर्ण करू’ म्हणत असेल तर तो हिशेब जुळत नाही.

आता एआयच्या चिपकडे येतो, कारण बातम्या तिथल्याच जास्त असतात. ७ ऑक्टोबर २०२२ ला अमेरिकेने गणनक्षमता आणि चिप-चिपमधल्या संवादाचा वेग यांवर मर्यादा घातल्या. एनव्हिडियाच्या ए१०० आणि एच१०० या चिप त्यात अडकल्या. कंपनीने संवादाचा वेग कमी करून ए८०० आणि एच८०० काढल्या. वर्षभराने, ऑक्टोबर २०२३ मध्ये, त्याही बंद झाल्या. मग एच२० आली. एप्रिल २०२५ मध्ये तिलाही परवाना लागू झाला आणि सुमारे ५.५ अब्ज डॉलरचा फटका बसेल असं एनव्हिडियाने जाहीर केलं. जुलैमध्ये पुन्हा परवानगीचे संकेत, ऑगस्टमध्ये विक्रीतले १५ टक्के अमेरिकी सरकारला द्यायचे अशी बोली. तेवढ्यात चिनी सरकारनेच आपल्या कंपन्यांना एच२० घेऊ नका असं सुचवलं. डिसेंबर २०२५ मध्ये ट्रम्प यांनी त्याहून ताकदवान एच२०० विकायला २५ टक्के वाट्याच्या अटीवर परवानगी देत असल्याचं जाहीर केलं.

माझ्या मते या सगळ्यातली सगळ्यात नुकसानकारक गोष्ट म्हणजे हा धरसोडपणा. राष्ट्रीय सुरक्षेसाठी घातलेली अट पैसे घेऊन सैल होते असं एकदा दिसलं की समोरचा तिला सुरक्षेची अट मानत नाही, वाटाघाटीतला मोहरा मानतो. आणि ज्याला पाच वर्षांसाठी डेटा सेंटर आखायचं आहे तो कमी ताकदीच्या, पण हमखास मिळणाऱ्या मालाकडे वळतो. ह्वावेच्या असेंड चिपना चीनमध्ये गिऱ्हाईक मिळालं त्यामागे हेही एक कारण आहे. तुटवड्यातून शिकणारे इंजिनिअर वेगळेच. डीपसीक या चिनी एआय कंपनीने आपलं व्ही३ मॉडेल २,०४८ एच८०० चिपवर घडवल्याचं स्वतःच्या शोधनिबंधात लिहिलं आहे. त्या चिपच्या कमी केलेल्या संवादवेगावर मात करण्यासाठी त्यांनी प्रोग्रामिंग अगदी खालच्या पातळीवर उतरून केलं.

भारतालाही याची झळ बसली होती, हे आता विसरलं गेलंय. जानेवारी २०२५ मध्ये बायडन सरकारने जाता जाता एआय चिपसाठी देशांच्या तीन प्रती ठरवल्या. पहिल्या प्रतीत १८ मित्रदेश होते. भारत त्यात नव्हता, आपण दुसऱ्या प्रतीत, मर्यादेसह. मे २०२५ मध्ये नियम अमलात येण्याआधीच मागे घेतला गेला म्हणून बरं. पण मैत्रीची भाषणं आणि निर्यातीची यादी यांत फरक असतो, एवढं तेव्हा नीट दिसलं.

चीनच्या हातातली खिंड वेगळ्या ठिकाणी आहे. १ ऑगस्ट २०२३ पासून गॅलियम आणि जर्मेनियमला परवाना, त्यानंतर ग्राफाइट, आणि ४ एप्रिल २०२५ पासून सात रेअर अर्थ मूलद्रव्यं आणि त्यांचे चुंबक. यात डिस्प्रोसियम आणि टर्बियम होते, म्हणजे गरम मोटरमध्येही चुंबकाची ताकद टिकवणारे घटक. त्याचा फटका थेट आपल्या दारात आला. ऑगस्टमध्ये इलेक्ट्रिक चेतकचं उत्पादन शून्यावर येऊ शकतं, असं बजाज ऑटोचे राजीव बजाज यांनी त्या जुलैत उघडपणे सांगितलं. आकुर्डीच्या लाइनवर अडलं काय, तर मोटरमधला हातात मावणारा चुंबक. माल देण्याआधी चीनला अंतिम वापराचं हमीपत्र हवं होतं: हा चुंबक लष्करी कामाला जाणार नाही, तिसऱ्या देशात जाणार नाही. ही भाषा वाचून मला धक्का बसला नाही, कारण अगदी तशाच मजकुराची हमीपत्रं अमेरिकी पार्टसाठी आम्ही कित्येक वर्षं भरत आलोय. चीनने अमेरिकेचाच नमुना उचलला होता.

इथेही पर्यायाचा काळ मोजता येतो. खनिज भारतात आहे. आयआरईएल ही सरकारी कंपनी, मुख्यालय मुंबईत, ते काढते. पण खनिजापासून वेगळं केलेलं ऑक्साइड, त्यापासून धातू, मिश्रधातू आणि मग घट्ट दाबून भाजलेला चुंबक, या साखळीतल्या मधल्या कड्या आपण कधी मोठ्या प्रमाणावर बांधल्याच नाहीत. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने ७,२८० कोटींची चुंबकयोजना मंजूर केली, वर्षाला ६,००० टन क्षमतेसाठी. योग्य पाऊल आहे. पण जपानला हा धक्का २०१० मध्येच बसला होता; त्याने लगेच पुढच्या वर्षी ऑस्ट्रेलियाच्या लायनस कंपनीत पैसे घातले आणि तरीही आज तो चीनपासून पूर्ण मोकळा नाही. आपणही त्याच मुदतीचा विचार करायला हवा.

आणि आता तो प्रसंग, जो छोट्या कारखानदाराने सगळ्यात नीट वाचावा. नेक्स्पेरिया ही नेदरलँड्समधल्या नाइमेखनची कंपनी, मूळ फिलिप्सच्या घराण्यातली, मालक चीनची विंगटेक. ती डायोड, ट्रान्झिस्टर, मॉस्फेट, साधे लॉजिक पार्ट बनवते. रुपयांत नाही, पैशांत किंमत सांगावी असे पार्ट. ३० सप्टेंबर २०२५ ला डच सरकारने १९५२ चा एक जुना कायदा वापरून कंपनीच्या कारभारावर नियंत्रण घेतलं. चार दिवसांत चीनने नेक्स्पेरियाच्या चिनी कारखान्यातून होणारी निर्यात रोखली. वेफर (ज्यावर चिप घडवतात त्या सिलिकॉनच्या चकत्या) हॅम्बुर्ग आणि मँचेस्टरला बनतात, पण बहुतांश मालाचं पॅकेजिंग, म्हणजे वेफर कापून चिप आवरणात बसवणं, चीनमधल्या डोंगग्वानला होतं. युरोपात बनलेला पार्ट युरोपातल्याच गाडीत बसायचा, पण वाटेत डोंगग्वानला जाऊन यायचा. ती वाट बंद झाली. होंडाला मेक्सिकोतला कारखाना थांबवावा लागला, युरोपातल्या गाडी कंपन्यांनी इशारे दिले. ऑक्टोबरअखेर ट्रम्प आणि शी यांची बुसानला भेट झाल्यावर चीनने सूट द्यायला सुरुवात केली, १९ नोव्हेंबरला डच सरकारने आपला आदेश स्थगित केला. कंपनीच्या दोन भागांतला तंटा मात्र त्यानंतरही धुमसत राहिला.

प्रश्न विचारला जातो: इतका साधा डायोड, दुसऱ्याचा लावला तर काय बिघडलं? तांत्रिकदृष्ट्या काहीच नाही. तोच आकार, तेच व्होल्टेज, डेटाशीटही जवळजवळ तीच. पण गाडीत जाणाऱ्या पार्टला ऑटोमोटिव्ह दर्जाची चाचणी लागते, मग बोर्ड बनवणाऱ्याची मंजुरी, मग गाडी कंपनीची. बदललेल्या पार्टसह बोर्ड पुन्हा उष्णतेत, थंडीत, थरथराटात तपासायचा. हे सगळं व्हायला महिने लागतात, आणि साठा असतो काही आठवड्यांचा. सगळ्यांचं लक्ष ३ नॅनोमीटरवर, आणि लाइन थांबते ती चाळीस वर्षांपूर्वीच्या तंत्राच्या पार्टमुळे. पर्याय बाजारात असणं आणि तो आपल्या बोर्डवर मंजूर असणं यांत जे अंतर आहे, तिथेच छोटा उत्पादक मरतो. माझ्या पाहण्यातल्या बहुतेक कंपन्यांत ‘अल्टरनेट पार्ट’चा रकाना भरलेला असतो, पण त्या पार्टने बोर्ड कधी चालवून पाहिलेला नसतो.

म्हणून मी सांगेन, आपल्या बीओएममधला (मालाला लागणाऱ्या पार्टच्या यादीतला) प्रत्येक पार्ट किमतीच्या क्रमाने लावणं थांबवा आणि ‘हा उद्या मिळाला नाही तर दुसरा मंजूर व्हायला किती आठवडे’ या क्रमाने लावा. यादीचं टोक बदललेलं दिसेल. डिस्ट्रिब्युटरला दोन गोष्टी वेगवेगळ्या विचारा: वेफर कुठे बनला आणि पॅकेजिंग कुठे झालं. डब्यावर मलेशिया लिहिलेलं असतं, आतली सिलिकॉन टेक्सासची असू शकते. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिका-चीन शुल्कयुद्ध भडकलं तेव्हा चीनने चिपचं मूळ वेफरच्या जागेवरून धरायचं ठरवलं, आणि कालपर्यंत मलेशियन असलेले पार्ट कस्टम्सच्या दृष्टीने अमेरिकी झाले. टंचाईत कुणी अनोळखी दलाल हवा तो पार्ट तिप्पट भावाने लगेच देतो म्हणाला तर तो जुन्या बोर्डवरून काढून घासून-छापून विकलेला असण्याचा धोका धरूनच चाला.

विकणाऱ्यांसाठी एक वेगळी आणि गंभीर गोष्ट. आपण फक्त आयात करणारे नाही. ३० ऑक्टोबर २०२४ ला अमेरिकेने रशियाला माल पुरवल्याच्या आरोपावरून जगभरातल्या शेकडो कंपन्या आणि व्यक्तींवर निर्बंध लावले, त्यात १९ भारतीय कंपन्या होत्या. रशियाला जाऊ नये अशा मालाची, ५० एचएस कोडची (कस्टम्सच्या वर्गवारीच्या क्रमांकांची) अमेरिका, युरोप आणि जपान यांची एक सामाईक यादी आहे, आणि तिच्यात अगदी साधे प्रोसेसर, मेमरी, कनेक्टरसुद्धा येतात. दुबईतल्या किंवा मध्य आशियातल्या नव्या गिऱ्हाइकाने अचानक मोठी ऑर्डर दिली, पैसे आगाऊ भरले आणि माल कशात बसणार हे सांगायला टाळाटाळ केली, तर ऑर्डर सोडा. आपल्या डीजीएफटीची (विदेश व्यापार महासंचालनालयाची) स्कोमेट यादी, म्हणजे निर्यातीवर नियंत्रण असलेल्या मालाची यादीही वाचा, तिचा आठवा भाग इलेक्ट्रॉनिक्सला लागू होतो. भारत डिसेंबर २०१७ मध्ये वासेनार या निर्यात-नियंत्रणाच्या आंतरराष्ट्रीय व्यवस्थेचा सदस्य झाल्यापासून ही यादी आंतरराष्ट्रीय याद्यांशी जुळवलेली आहे.

आपल्या सरकारनेही बंदीचं हत्यार वापरून पाहिलंय. ३ ऑगस्ट २०२३ ला लॅपटॉप-टॅब्लेटच्या आयातीला परवाना लावला, दुसऱ्याच दिवशी तो पुढे ढकलला आणि शेवटी नोंदणीच्या व्यवस्थेवर भागवलं. देशात तेवढे लॅपटॉप बनत नव्हते, एवढं साधं कारण.

शेवटी फॅबबद्दल, कारण हा प्रश्न येणारच. टाटा आणि तैवानची पीएसएमसी यांचा धोलेऱ्याचा प्रकल्प ९१,००० कोटींचा आहे आणि २८ नॅनोमीटर व त्याहून जुन्या प्रक्रियांवर आहे. ‘एवढं जुनं कशाला’ असं म्हणणाऱ्यांनी नेक्स्पेरियाचा प्रसंग आठवावा; गाड्या, मीटर, पंप, इन्व्हर्टर याच वर्गातल्या चिपवर चालतात. यंत्रं मात्र त्याच अमेरिकी, डच, जपानी कंपन्यांची येणार, म्हणजे सुरुवातीला सांगितलेला ‘फॉरेन डायरेक्ट प्रॉडक्ट रूल’ आपल्यालाही लागू राहणार. मला जास्त आशा वाटते ती पॅकेजिंगच्या कारखान्यांकडून: साणंदचा मायक्रॉन, आसामात जागीरोडचा टाटा. याला ‘नुसती जुळणी’ म्हणून नाकं मुरडली जातात. जगातल्या गाड्या थांबल्या त्या नेमक्या याच जुळणीच्या पायरीवर. तेव्हा तुम्ही महाराष्ट्रात बोर्ड बनवत असाल तर या कारखान्यांकडे आत्ताच विचारणा करा, तुमच्या कामाचा पार्ट निघू लागला की त्याचे नमुने मागवा आणि मंजुरीच्या चाचण्या लगेच लावा. आज सुरू केल्या तर पुढच्या टंचाईपर्यंत त्या पूर्ण झालेल्या असतील.